म्यानाबाहेरचा रेडिओ

आमच्या मामंजींना म्यानातल्या शस्त्राची पूजा मान्य नव्हती. "म्यानाला फूल वाहायचं म्हणजे नवरदेव सोडून त्याच्या अंगरख्याला ओवाळायचं," असं ते म्हणत. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा सगळा जन्म धारच्या शिलेखान्यात गेला. तलवारी, कट्यारी, भाले, जुन्या तोड्याच्या बंदुका जिथे जपून ठेवत ते हे संस्थानचं कोठार. खंडेनवमीला तिथे हत्यार न् हत्यार बाहेर निघे, पातं उघडं केलं जाई, आणि ताज्या ओल्या सारवणावर अनवाणी उभे राहून मामंजी एकेकाला गंध-फूल वाहत. हे मी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तोवर संस्थान विलीन झालं होतं, कोठाराला दुसरं कुलूप लागलं होतं, आणि मामंजींकडे पूजेला एक अडकित्ता उरला होता.

हसू नका. मीही हसले नव्हते, पण ते सभ्यपणामुळे नव्हे. हसायची माझी छातीच नव्हती.

देवासला माहेरी मी चांगली बोलकी होते. धारला आले आणि वाचा बसली. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही अशी रीत होतीच, पण नसती तरी मी बोलले नसते. मामंजी उंच, आवाज कोठारात घुमलेला, आणि बघायचे असे की समोरच्याच्या अंगावर गंज कुठे चढलाय ते शोधताहेत. मला काही सांगायचं झालं तर मी सासूबाईंना सांगे. त्यांना मी आत्याबाई म्हणे. आत्याबाई मामंजींना सांगत आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई, तिघं एकाच ओसरीवर हाताच्या अंतरावर बसलेले असलो तरीही. "चहा घेणार का, विचारतेय ती." "घेईन म्हणावं." या ने-आणीत आत्याबाईंचा स्वतःचा चहा रोज निवून जाई.

अशा घरात आमच्या ह्यांनी रेडिओ आणला. हे सरकारी शाळेत इतिहास शिकवत. दिवसभर हिंदीत बोलत, त्यामुळे घरी आल्यावर मराठीत शिरायला त्यांना थोडा वेळ लागे. बदलीवर निघालेल्या एका साहेबांनी सामान हलकं करायला तो रेडिओ विकायला काढला होता. लाकडी पेटी, पुढच्या काचेवर जगातल्या गावांची नावं, खाली दोन बटणं. बटण फिरवलं की बराच वेळ काहीच होत नसे. मग आतून ऊब यायची, मग गुणगुण, आणि मग एकदम कुणीतरी अनोळखी माणूस माजघरात बोलायला लागायचा. ती मधली मुकी वेळ मला मुळीच आवडत नसे. काहीतरी जागं होतंय आणि ते काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, असं वाटे.

एके दिवशी फडकं मारताना बटणाखालच्या बारक्या स्क्रूला माझं बोट लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या धावल्या. मी किंचाळले.

"वहम है तुम्हारा," हे वहीतून मान वर न करता म्हणाले, आणि मग भाषा बदलून, "भास झाला असेल गं."

मी घाबरून उपटलेली पिन त्यांनी परत लावली आणि स्वतः बोट लावून पाहिलं. काही झालं नाही. पुढे चार दिवस मलाही काही झालं नाही, आणि पाचव्या दिवशी पुन्हा झालं. कधी व्हायचं, कधी नाही, हेच वाईट होतं. रोज चावणारं कुत्रं असलं तर माणूस वाट तरी बदलतो. मी त्या स्क्रूला चिंधी गुंडाळली आणि फुटेल म्हणून गुंडाळली असं आत्याबाईंना सांगितलं. पोलादी स्क्रू फुटेल! पण त्यांनाही ते पटलं.

मामंजी मात्र रेडिओवर खूश होते. ते ऐकत बसत, आणि ऐकता ऐकता त्यांच्या मनात काय शिजत होतं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कळलं. "अडकित्ता ठेवा आता," ते आत्याबाईंना म्हणाले. "फौजा कशावर चालतात आज? सरकार कशावर चालतं? हेच हत्यार. उद्या याची पूजा. आणि म्यानातून काढून."

म्यान म्हणजे रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाटी. ह्यांनी सुरीच्या टोकानं स्क्रू सोडवले, पाटी निघाली, आणि पाटीच्या आतल्या अंगाला चिकटवलेला एक मोठा कागद आम्ही पहिल्यांदा पाहिला.

तो कंपनीनं दिलेला नकाशा होता, त्या रेडिओच्या पोटाचा. तुम्हाला आज हे खरं वाटणार नाही. आताच्या ट्रान्झिस्टरचं झाकण काढलं तर सेल घालायची जागा तेवढी दिसते. आत काय आहे ते विचारू नका, बिघडला तर आमच्याकडे आणा, असा सगळा कारभार. तेव्हाच्या कंपन्या रेडिओ विकताना त्याच्या आतली एकूण एक तार कुठून निघून कुठे जाते ते छापून देत. म्हणजे कुठल्याही गावच्या कारागिरानं तो उघडावा आणि नीट करावा. बारीक काळ्या रेघा, मधे मधे वर्तुळं, कुठे नागमोडी, कुठे वेटोळी, शेजारी मुंगीएवढे इंग्रजी आकडे. मला तो क्रोशाचा नमुना वाटला. आणि जागोजागी, रेघ खाली येऊन जिथे संपे तिथे, एकाखाली एक तीन आडव्या रेघा: वरची मोठी, मधली लहान, खालची त्याहून लहान.

मामंजींनी चष्मा लावला, कागदावर वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे पाहा! भस्माचे पट्टे. त्रिपुंड्र लावलंय कंपनीनं. जाणणारी माणसं तिकडेही आहेत."

खरंच, शंकराच्या कपाळावर असतं तसंच ते दिसत होतं. आत्याबाईंनी हात जोडले. ह्यांना इतिहास येत होता, विज्ञान नव्हे. त्यांनी मान डोलावली. मीही दाराआडून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ चौरंगावर, पाठ आमच्याकडे करून, उघडा. चालू ठेवलेला, कारण निजलेल्या हत्याराची पूजा कसली? आतले दिवे तांबूस पेटलेले. मामंजी नुकते न्हालेले, ओलं सोवळं नेसून पाटावर बसले. रेडिओवर सनई वाजत होती. त्यांनी बोट गंधात बुडवलं आणि ज्या पत्र्यावर ते सगळे दिवे उभे होते त्या पत्र्याला टेकवलं.

त्यांच्या दुसऱ्या हातातली पळी उडून भिंतीवर आपटली. मामंजी मागे कोसळले. सनई मात्र वाजत राहिली, तिला काही नव्हतं.

मी दाराआड जिथे उभी होते तिथेच बसले. मला वाटलं, संपलं. आत्याबाई "अहो, अहो" एवढंच म्हणत होत्या. आणि मग मामंजी उठून बसले, उजवा हात डाव्या हातात धरला आणि हसले. लग्नापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते मला आणखीच भयंकर वाटलं.

"एवढी वर्षं पूजली," ते म्हणाले, "एकाही तलवारीनं माझा हात धरला नाही."

त्यांच्या बोटांचं थरथरणं दुपारपर्यंत थांबलं नव्हतं. वरणात घास बुडवताना मी ते पाहिलं. पण ते समाधानात होते, आणि जेवताना त्यांनी पुढच्या वर्षाचा बेत सांगून टाकला. पाटावर बसलो ती चूक झाली. शिलेखान्यात पाट नसे. पुढच्या नवमीला रीतीप्रमाणे ओल्या सारवणावर अनवाणी उभं राहायचं, आणि नुसतं गंध नाही, पळीनं पाण्याचा अभिषेक.

मामंजींची मला भीती वाटे, हे खरं. पण त्या दिवसापासून त्यांच्यासाठी जी भीती वाटायला लागली ती निराळी होती. पहिली समोरून येई. ते दिसले की मी पदर सावरून आत पळे आणि ती संपे. दुसरी मागून येई. पोळ्या लाटताना अचानक तो उघडा हात दिसे, मागे फेकलेला. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, प्रत्येक सण नवमीला जवळ आणत होता. मी ह्यांना रोज सांगे, "तो रेडिओ विका." हे म्हणत, "आबांना कोण सांगणार? तू?"

श्रावणात एका दुपारी घर निजलेलं असताना मी ह्यांच्याकडून पाटी काढून घेतली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो सगळा नकाशा पेन्सिलीनं उतरवायला बसले. कळत काहीच नव्हतं. पण रांगोळी काय, नमुना काय, समोरचं जसंच्या तसं काढायची माझ्या हाताला सवय होती.

"रेडिओ विणणार आहेस का?" हे म्हणाले.

"विणला तर निदान चावणार तरी नाही," मी म्हटलं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी देवासला गेले, तो कागद ट्रंकेत लुगड्याच्या घडीत घालून. माझा मोठा भाऊ तिथल्या पावरहाऊसवर होता. दादाच्या कानाला त्या इंजिनाच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो घरातही ओरडूनच बोले. महालक्ष्म्या जेवल्या, माणसं पांगली, आणि मी त्याच्यापुढे कागद पसरला.

"हे काय, भरतकाम?"

"आमचा रेडिओ."

दादानं कागद पायऱ्यांवर उजेडात नेला. मी सगळी हकीकत सांगितली. पळी उडाली इथवर तो हसत होता. "भिया, क्या बात है, रेडियो को हळद-कुंकू!" असं शेजाऱ्याला ओरडून सांगूनही झालं. मग त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू सरकायला लागलं, आणि त्याचं हसू गेलं.

"ह्या बघ, पिनेतून दोन तारा आत येतात. ही एक बटणाकडे गेली, तिथून दिव्यांकडे. बरोबर? आता दुसरी बघ. कुठे जाते?"

मी बोटानं गेले. ती कुठेच वळत नव्हती. सरळ खाली येऊन तीन आडव्या रेघांत शिरत होती.

"त्रिपुंड्रात," मी म्हटलं.

"कसलं त्रिपुंड्र? ही खूण म्हणजे पत्रा. जिथे जिथे ही खूण दिसते तिथे तार त्याच पत्र्याला टेकलेली. कंपनी स्पष्ट सांगतेय की विजेची एक तार थेट पत्र्याला जोडलीय. आता विजेच्या दोन तारांत एक जिवंत, एक थंड. तुमची पिन दोन काड्यांची, भिंतीत कशीही बसते. सुलटी बसली तर पत्रा थंड. उलटी बसली तर तो सगळा पत्रा म्हणजे खांबावरची उघडी तार."

म्हणून कधी झिणझिण्या यायच्या आणि कधी नाही. मी केर काढताना पिन काढायची आणि हाताला येईल तशी परत लावायची.

"गेल्या वर्षी ते कशावर बसले होते?" दादानं विचारलं.

"पाटावर."

"लाकडाच्या?"

"हो."

"पाटानं वाचवलं त्यांना. अन् यंदा?"

"ओल्या सारवणावर. अनवाणी. अन् अभिषेक."

दादा पहिल्यांदाच हळू बोलला. "बाई, पिन उलटी असली तर ही पूजा नाही. हा बळी आहे. जाऊन सांग त्यांना."

"मी?" मी म्हटलं.

त्यानं मला एक टेस्टर दिला. पेन्सिलीएवढा, टोकाला स्क्रू काढायचं पातं, मुठीत बारका दिवा. पातं पत्र्याला लावायचं, मागच्या टोकाला बोट. आत लाल पेटलं तर पिन उलटी. नाही पेटलं तर सुलटी. "आणि एकदा सुलटी सापडली की खूण करून ठेव," तो म्हणाला. धारला परतताना मोटारीत मी तो टेस्टर पोलक्यात ठेवला होता आणि तो मला स्वतःहून झटका देईल या भीतीनं इंदूरपर्यंत ताठ बसले होते.

ह्यांना सगळं सांगितलं. कागद दाखवला. ह्यांनाही बोटानं ती रेघ सापडली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी ते खरंच धीर करून ओसरीवर गेले. मी दाराआड.

"आबा, यंदा रेडिओ बंद ठेवून पूजा करू या."

"का?"

"त्यात विजेचा धोका आहे. कंपनीनंच लिहिलंय."

"हत्यारात धोका नसेल तर ती पळी झाली," मामंजी म्हणाले. "मास्तर, भीती वाटत असेल तर नवमीला शाळेत जाऊन बसा."

"शाळेला सुट्टी असते आबा," एवढंच ह्यांना सुचलं, आणि ते आत आले.

मग उरला तो चोरून करायचा उपाय. अष्टमीला मामंजी आणि आत्याबाई देवीला गेले. आम्ही दोघं पाटावर उभे राहिलो, एकाच पाटावर, एकमेकांना धरून. कुणी पाहिलं असतं तर भलताच गैरसमज झाला असता. टेस्टर मी धरणार नाही असं म्हटलं आणि ह्यांनीही म्हटलं. शेवटी ह्यांनी धरला, मी त्यांचं मनगट धरलं. पातं पत्र्याला लागलं आणि मुठीत लाल ठिपका पेटला. काजव्याएवढा. मी डोळे मिटले. पिन काढून उलटवली, पुन्हा पातं लावलं. अंधार. पुन्हा लावून पाहिलं. अंधारच.

"सुलटी," हे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

खूण कशानं करायची? मला काय सुचणार! मी देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि पिनेच्या वरच्या बाजूला एक टिकली लावली, भिंतीतल्या पिन घालायच्या बोर्डावर वर एक टिकली लावली. टिकलीला टिकली जुळली की पत्रा थंड. पिन काढली, पुन्हा लावली, तरी चूक व्हायची नाही. त्या दिवशी मला जरा जेवण गेलं.

नवमीला सकाळी मी चुलीपाशी होते. हे बाहेर उंबऱ्याशी कोहळा कापायला थांबले होते. बळीचा कोहळा थोरल्या मुलानं कापायचा आणि पूजा लागल्याखेरीज आत यायचं नाही, अशी मामंजींची शिस्त. माजघर सकाळी सारवलेलं, अजून ओलं, शेणाचा वास. आत्याबाईंनी रेडिओ चौरंगावर मांडला. पाटी काढलेली. आतून ऊब येत होती. म्हणजे पिन लागली होती. ती मी लावलेली नव्हती.

मी पदराआडून बोर्डाकडे पाहिलं.

आत्याबाईंना कोणतंही काम अर्धं करायची सवय नव्हती. हत्याराची पूजा म्हणजे त्याच्या मुठीची, पट्ट्याची, तोड्याची, सगळ्याची. त्यांनी रेडिओ पुसला, तार पुसली, पिन पुसली, बोर्ड पुसला, आणि मग पिनेला वर, खाली, दोन्ही बाजूंना हळद-कुंकू लावलं. बोर्डालाही वर, खाली, दोन्ही बाजूंना. सगळीकडे टिकल्याच टिकल्या. माझी टिकली त्यांच्यात कुठे होती, कुणास ठाऊक.

मामंजी आले. ओलं सोवळं. पाट त्यांनी पायानंच बाजूला सारला आणि ओल्या सारवणावर उभे राहिले. त्यांची पावलं त्यात किंचित रुतली, ते मी पाहिलं. डाव्या हातात पाण्याचं तांब्याचं भांडं, उजव्यात पळी. दिवे तांबूस झाले. गुणगुण सुरू झाली. टेस्टर खोलीत ट्रंकेत होता. हे बाहेर होते. मी मनात म्हटलं, सुलटी असेल. मग म्हटलं, उलटी असेल. दुसरं काही डोक्यात येईना, फक्त ही दोन, आलटून पालटून. आत्याबाईंना सांगावं म्हणून तोंड उघडलं. पण आत्याबाईंनी ते ऐकायचं, मग मामंजींना सांगायचं, मग उत्तर यायचं; एवढ्या वेळात आमच्या घरी चहा निवायचा. मामंजींनी पळी भरली आणि हात पुढे केला.

मी आडोशाला उभं राहायचं सोडून माजघरात धावले, तार धरली आणि ओढली. पिनेला धरून काढ, तारेला ओढू नकोस, असं दादानं बजावलं होतं. मी तारच ओढली. पिन निघाली, बोर्डातून ठिणगी उडाली, गुणगुण विझली.

"अगं बाई! हत्यार निजवलंस?" आत्याबाई ओरडल्या. "नवमीला?"

मामंजींची पळी हवेत थांबली होती. तिच्यातून पाणी एका धारेनं सारवणावर पडत होतं. ते मागे वळले. "कुणी केलं?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं, मी त्यांच्यापुढे तार हातात घेऊन उभी असताना.

"मी!" मी ओरडले. लग्नानंतर त्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द, आणि तोही त्यांच्या अंगावर ओरडून.

"का?"

माझ्या मनात दादाचे सगळे शब्द होते, जिवंत तार, थंड तार, आणि त्यातला एकही तोंडात येईना. मग जे आलं ते असं: "मामंजी, याला मूठ नाही. मूठ कुठली अन् पातं कुठलं ते दिसत नाही. तुम्ही पात्याला हात घालताय."

बाहेरून हे धावत आले, हातात अर्धा कोहळा. मामंजींनी पळी भांड्यात ठेवली.

"दाखवा," ते म्हणाले.

मी पाटी आणली. रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. पिनेपासून ते निघाले. पहिली तार बटणाकडे. दुसरी सरळ खाली, तीन आडव्या रेघांपर्यंत. मग ज्या ज्या ठिकाणी ती खूण होती तिथे तिथे त्यांचं बोट जाऊन आलं. एकेका ठिकाणी थांबत होतं.

"ही खूण म्हणजे पत्रा," हे म्हणाले.

"सगळी?"

"सगळी, आबा."

मामंजी पिनेकडे वळले. मग म्हणाले, "होती तशीच लावा. जशी होती तशी."

आत्याबाईंनी आधी लावली होती ती बाजू दाखवली, तशी ह्यांनी पिन लावली. मी टेस्टर आणला. मामंजींनी कोरड्या पंच्यानं हात पुसले, पाय पुसले, बाजूला सारलेला पाट स्वतः ओढून घेतला आणि त्यावर चढले. टेस्टरचं पातं पत्र्याला टेकवलं. हात त्यांचा होता तरी मीच श्वास धरला होता.

मुठीत लाल पेटलं.

ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले. आत्याबाई हळूच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. काय चाललंय ते त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा त्यांना वाचता येत होता. मीही तो वाचला. त्या चेहऱ्यावर मला ठाऊक असलेली एक गोष्ट होती. रोज आरशात पाहत होते मी ती.

पिन उलटवली. टेस्टर विझला. मामंजींनी पुन्हा लावून पाहिलं, मग पुन्हा, मग पत्र्याच्या दुसऱ्या कोपऱ्याला. मग रेडिओ बंद करायला लावला. हत्यार निजलं तर निजू दे, असं काही म्हणाले नाहीत, पण पूजा झाली ती निजलेल्या रेडिओची, आणि तीही लाकडावर, पाण्याशिवाय. गंध लावताना पत्र्याजवळून त्यांचं बोट वळसा घालून गेलं.

मला रागावतील म्हणून मी संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर पडले नाही. नको तेवढी भांडी घासली. बातम्यांची वेळ झाली. रोज या वेळी मामंजी कुणाला बटणाला हात लावू देत नसत. माजघरातून हाक आली, आत्याबाईंना नव्हे.

"सूनबाई."

मी दारात जाऊन उभी राहिले.

"बातम्या लावा."

"मी?" मी म्हटलं. "मला भीती वाटते, मामंजी."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि रेडिओपासून आपली बैठक थोडी लांब सरकवली.

मी पाट घेतला, हात पदराला पुसले, टेस्टर पत्र्याला लावून पाहिला, आणि डोळे मिटून बटण फिरवलं. आतून ऊब यायला लागेपर्यंत आम्ही दोघंही त्या मुक्या पेटीकडे बघत होतो.